उलट उत्तराची सजा

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्याचा निकाल एकमताने दिला आणि गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगवेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. या खटल्याशी निगडित अशी कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरातली जुनी शाळा आता राष्ट्रीय स्मारक आहे. दरवर्षी ही तारीख आली की भाषणे होतात, लेख येतात, सरन्यायाधीश अर्ल वॉरन आणि वकील थरगूड मार्शल यांची आठवण निघते. ती निघायलाच हवी. पण ज्या दारातून कृष्णवर्णीय मुले आत आली, त्याच शाळेच्या मागच्या दाराने त्यांतली किती बाहेर घालवली जातात, याचा हिशेब या दिवशी फारसा कोणी मांडत नाही.

हिशेब तयार आहे, आणि तो सरकारनेच केलेला आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ साली दिलेल्या अहवालानुसार सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय १५.५ टक्के होते. निलंबित होऊन घरी बसलेल्यांत मात्र ते ३९ टक्क्यांच्या आसपास होते. शाळा गरीब वस्तीतली असो की सधन वस्तीतली, चित्र बदलत नव्हते. त्याहून बोचणारा आकडा बालवाडीचा आहे. २०१३-१४ या वर्षी सरकारी बालवाड्यांत कृष्णवर्णीय मुले १९ टक्के होती आणि निलंबित झालेल्या बालकांत ४७ टक्के. ज्या वयात मुलाला स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नाही, त्या वयात त्याच्या नावापुढे शिस्तभंगाची नोंद पडते!

यावर ठरलेले उत्तर असे की, ही मुलेच जास्त दांडगाई करतात, त्याला शाळेने काय करावे? हे उत्तर टेक्सासच्या अभ्यासापुढे टिकत नाही. तिथे सातवीत शिकणाऱ्या जवळजवळ दहा लाख मुलांच्या नोंदी सहा वर्षे तपासल्या गेल्या आणि २०११ साली निष्कर्ष आले. दर दहांतल्या सुमारे सहा मुलांना या काळात कधी ना कधी वर्गाबाहेर किंवा शाळेबाहेर काढले गेले होते. कायद्याने शिक्षा द्यावीच लागते असे गुन्हे, म्हणजे हत्यार आणणे, अमली पदार्थ वगैरे, फक्त तीन टक्के कारवायांमागे होते. उरलेल्या ९७ टक्के कारवाया शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या मर्जीवर अवलंबून होत्या. आणि नेमक्या याच मर्जीच्या प्रदेशात, घरची परिस्थिती, गुण, हजेरी असे ८३ घटक जमेस धरूनही, कृष्णवर्णीय मुलावर कारवाई होण्याची शक्यता ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. मर्जीने बाहेर काढलेली मुले पुढच्याच वर्षी बालगुन्हेगारी यंत्रणेच्या हाती सापडण्याचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ तिप्पट होते.

खरी मेख या मर्जीतच आहे. इंडियाना विद्यापीठाचे रसेल स्किबा यांनी मुलांना मुख्याध्यापकांकडे कशासाठी पाठवतात ते पाहिले. गोरी मुले जात होती ती सिगारेट ओढल्याबद्दल, मोडतोड केल्याबद्दल, न सांगता शाळेतून पळाल्याबद्दल. कृष्णवर्णीय मुले जात होती ती अनादराबद्दल, फार आवाज केल्याबद्दल, उगाच रेंगाळल्याबद्दल. सिगारेट ओढली की नाही हे सिद्ध करता येते. अनादर झाला की नाही हे ज्याला तो वाटला त्यालाच ठाऊक. पुढे २०१५ साली स्टॅनफर्डमधल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी शिक्षकांसमोर एकाच मुलाच्या दोन बारीकसारीक आगळिकींची नोंद ठेवली. काहींच्या कागदावर नाव गोऱ्यांमधले होते, काहींच्या कागदावर कृष्णवर्णीयांमधले. पहिल्या चुकीला फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या चुकीला मात्र कृष्णवर्णीय नाव असलेला मुलगा ‘कायमचाच त्रासदायक’ वाटू लागला. शिक्षक दुष्ट होते असे नव्हे. दुसऱ्यांदा माफ करायला लागणारा धीर कोणासाठी उरतो, एवढाच तो प्रश्न होता.

या मर्जीला पोलिसांची साथ मिळाली ती नव्वदच्या दशकात. १९९४ च्या कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्याला किमान वर्षभर शाळेबाहेर काढणे भाग पाडले. त्यात गैर काहीच नव्हते. पण ‘झीरो टॉलरन्स’चे, म्हणजे कसलीही सूट न देण्याचे, धोरण बंदुकीवर थांबले नाही. कोलंबाइन शाळेतल्या १९९९ च्या हत्याकांडानंतर तर शाळाशाळांत गणवेशातला पोलीस दिसू लागला आणि पूर्वी पालकांना बोलावून मिटायची ती भांडणे थेट न्यायालयात जाऊ लागली. दक्षिण कॅरोलिना राज्यात ‘शाळेत अडथळा आणणे’ हा फौजदारी गुन्हा होता. १९१९ साली हा कायदा केला तेव्हा रोख होता मुलींच्या शाळेत येऊन त्रास देणाऱ्यांवर. पुढे तो वर्गातल्या विद्यार्थ्यांवरच चालू लागला. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या एका हायस्कुलात गणिताच्या तासाला एका मुलीने फोन ठेवायला आणि वर्गाबाहेर जायला नकार दिला. पोलीस अधिकाऱ्याने तिला बाकासकट आडवी पाडून फरफटत नेले. ‘हे काय चाललंय’ म्हणून ओरडणाऱ्या दुसऱ्या मुलीलाही अटक झाली, त्याच कायद्याखाली. फोनवर घेतलेले ते चित्रण जगाने पाहिले, म्हणून निदान चर्चा तरी झाली. राज्याने २०१८ मध्ये विद्यार्थ्यांना त्या कायद्यातून वगळले.

मिसिसिपीतल्या मेरिडियन शहराचे प्रकरण याहून थंड डोक्याचे. तिथे ज्या मुलाला न्यायालयाने देखरेखीवर सोडले होते, त्याने शाळेत गणवेशाचा नियम मोडला किंवा उलट उत्तर दिले, तरी ते देखरेखीच्या अटींचे उल्लंघन ठरे आणि मुलाची रवानगी बालबंदीगृहात होई. केंद्रीय न्याय खात्याने २०१२ साली याविरुद्ध दावा लावला. ‘स्कूल-टू-प्रिझन पाइपलाइन’, म्हणजे शाळेतून तुरुंगाकडे नेणारी वाट, हा शब्दप्रयोग मुळात कार्यकर्त्यांचा. पुढे तो सरकारी कागदांवरही आला.

यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, ही शंका रास्त आहे. जी मुले पुढे तुरुंगात जातात तीच शाळेतही वाईट वागत असतील, असे कोणी म्हणेल. उत्तर कॅरोलिनातल्या शार्लट शहराने याचे उत्तर नकळत पुरवले. ब्राऊन निकालानंतर तिथे न्यायालयाच्या आदेशाने बसगाड्यांतून गोऱ्या-काळ्या मुलांची सरमिसळ होत असे. ती २००२ साली थांबली, शाळांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या आणि एकाच आळीतली मुले वेगवेगळ्या शाळांत पडली. अर्थतज्ज्ञांनी त्यांचा पुढे माग काढला. वस्ती तीच आणि घरेही तशीच, पण ज्यांच्या वाट्याला सढळ हाताने निलंबन करणारी शाळा आली, त्यांना मोठेपणी अटक आणि तुरुंगवास होण्याची शक्यता १५ ते २० टक्क्यांनी जास्त होती. रस्त्याच्या या बाजूला राहता की त्या बाजूला, एवढ्यावर हे ठरले.

१७ मेच्या निमित्ताने हेही सांगायला हवे की, ब्राऊन निकाल राबवताना दक्षिणेतल्या आणि सीमेवरच्या १७ राज्यांत १९६५ पर्यंत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मुले गोऱ्यांच्या शाळेत गेली. त्यांच्या आईबापांना नावाने ओळखणारे शिक्षक मागे राहिले, ते पुन्हा शाळेत आलेच नाहीत. कृष्णवर्णीय शिक्षकाच्या वर्गात कृष्णवर्णीय मुलावर कमी कारवाया होतात, असे उत्तर कॅरोलिनातल्याच नोंदी सांगतात.

निलंबन बंद केले की सगळे सुरळीत होते, असेही नाही. पिट्सबर्गमध्ये समेटाचे आणि संवादाचे मार्ग वापरले तेव्हा निलंबनाचे दिवस घटले, वर्णभेदाची दरी कमी झाली. पण सहावी ते आठवीच्या मुलांचा अभ्यास मागे पडला, असे २०१८ च्या अभ्यासात दिसले. गोंधळ घालणाऱ्या एकामुळे पंचवीस जणांचा तास वाया जाऊ नये, ही शिक्षकाची मागणी चूक नाही. त्याला हाताशी समुपदेशक हवा. आणि २०१९ च्या एका अहवालानुसार अमेरिकेतले सुमारे १ कोटी ४० लाख विद्यार्थी अशा शाळांत होते, जिथे पोलीस होता पण समुपदेशक, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक यांतले कोणी ना कोणी नव्हते. पैसा कुठे जातो ते यावरून कळते.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी जनतेला. त्याच्या दोनच वर्षे आधी इंग्रजांनी इथे गुन्हेगार जमातींचा कायदा आणून कित्येक जातींवर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला होता. वर्गात पेन हरवले की आधी कोणाचे दप्तर तपासले जाते, हे आपल्याकडच्या विमुक्तांच्या मुलांना अमेरिकेतून कोणी समजावून सांगावे लागत नाही.

तिकडे अमेरिकेत, शिस्तीच्या कारवाईत वंशभेद नको अशी ओबामांच्या काळात २०१४ साली शाळांना दिलेली मार्गदर्शक सूचना २०१८ मध्ये मागे घेतली गेली. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी शिस्तीत वंशाचा हिशेब धरण्याविरुद्धच आदेश काढला. त्याआधीच्या महिन्यात शिक्षण खात्याच्या नागरी हक्क विभागाची बारांपैकी सात प्रादेशिक कार्यालये बंद झाली. वर दिलेले कितीतरी आकडे याच विभागाने गोळा केले होते. आकडेच नसले की भेदभावही नाही, असा हा सोयीचा कारभार आहे, आणि आमच्या मते तो मूळ रोगाहून वाईट आहे. उलट दिशेने गेले ते कॅलिफोर्निया. ‘हेतुपुरस्सर अवज्ञा’ एवढ्याच कारणावरून निलंबन करणे तिथे आधी धाकट्या वर्गांत, आणि जुलै २०२४ पासून बारावीपर्यंत बंद झाले. मर्जीचा गुन्हा नियमपुस्तकातून काढणे हाच या सगळ्यातला स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. इतर राज्यांनी तो उचलावा.

न्यू जर्सीत, टेक्सासात, बे एरियात घर घेताना आपले मराठी आईबाप आधी शाळेचा जिल्हा पाहतात. आशियाई मुलांना निलंबनाची झळ सर्वांत कमी बसते, त्यामुळे हा विषय त्यांच्या जेवणाच्या टेबलावर सहसा येत नाही. त्यांना एवढीच विनंती की, आपल्या जिल्ह्यात गेल्या वर्षी कोणत्या कारणासाठी कोणाला घरी बसवले, ते आकडे शाळा मंडळाच्या पुढच्या बैठकीत मागावेत. या बैठका सर्वांना खुल्या असतात.