तुंगार्लीच्या वर अंधार राहू द्या

तुंगार्लीचा चढ चढून धरणाच्या वर आलं की लोणावळ्याचा गजबजाट मागे पडतो आणि राजमाची किल्ल्याची वाट सुरू होते. पायथ्याच्या उधेवाडी गावापर्यंत साधारण १५ किलोमीटरची चाल. पावसात उल्हासच्या दरीत कोसळणारा कातळधार धबधबा, पुढे श्रीवर्धन आणि मनरंजन ही जोडकिल्ल्यांची शिखरं, मधल्या खिंडीत काळभैरवाचं देऊळ, गावाजवळ उदयसागर तलाव. पहाटे निघालेला माणूस हे सगळं पाहून कोंढाण्याच्या लेण्यांवरून संध्याकाळी कर्जतच्या बाजूला उतरू शकतो. पुण्या-मुंबईच्या इतक्या जवळ, एका दिवसात होणारी अशी दुसरी पायवाट दाखवा!

मेअखेरीस वळवाच्या सरी पडल्या की याच रानात काजवे चमकू लागतात. झाडंच्या झाडं लुकलुकतात. पण हा देखावा आपल्यासाठी मांडलेला नसतो. अळीच्या रूपात महिनोन्महिने ओल्या मातीत गोगलगायी खाऊन वाढलेल्या या किड्याला पंख फुटल्यावर जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. तेवढ्यात नराने चमकून साद घालायची आणि खाली गवता-झुडपांत बसलेल्या मादीने तिला उत्तर द्यायचं. गाडीच्या झोताने ही खूणच पुसली जाते. जोडी जमली नाही तर अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत तर पुढच्या वर्षी काजवे कुठून येणार? त्यात, ज्या मातीत अळ्या वाढतात, तीच कडेला लावलेल्या गाड्यांच्या चाकांखाली घट्ट होते.

उधेवाडीच्या माणसांचा रस्ता बंद करा, असं मुळीच म्हणणं नाही. आजारी माणूस, बाळंतीण, किराणा यांच्यासाठी त्यांना गाडी हवीच. पर्यटकांच्या जेवणा-मुक्कामावर तिथल्या घरांचा संसारही चालतो. थांबवायची आहे ती शनिवार-रविवारच्या रात्री काजव्यांसाठी वर चढणारी बाहेरच्या गाड्यांची रांग.

अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात काजव्यांच्या दिवसांत सोडत काढून मोजक्याच गाड्यांना परवाना देतात, आणि विजेरीवर लाल कागद लावायला सांगतात. त्यांना जमतं ते मावळात का जमू नये?

म्हणून ही कळकळीची विनंती. गाडी लोणावळ्यातच ठेवा. दिवसाउजेडी चालत जा, उधेवाडीत एखाद्या घरी पिठलं-भाकरी खा, पैसे त्या घरात द्या आणि रात्री अंगणातूनच काजवे पाहा. फ्लॅश नको, स्पीकर नको. काजवे बाटलीत भरणाऱ्या पोराला तिथेच थांबवा. सहली नेणाऱ्यांनो, तुमच्या तुकड्या लहान करा. आणि वन विभागाने उधेवाडीकरांना सोबत घेऊन मार्च-एप्रिलमध्येच बाहेरच्या गाड्यांची मर्यादा ठरवावी, तपासणीचं काम गावच्याच तरुणांना मोबदला देऊन सोपवावं. वन विभागाला आजच तसं पत्र लिहा, आणि तुमच्या गिर्यारोहण मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या.