तुमचा शोध, त्यांचं आमिष

2025 च्या जूनमध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. सांगलीत एक आमदार भर सभेत ख्रिस्ती धर्मगुरूंना मारहाण करणाऱ्यांसाठी लाखांची बक्षिसं जाहीर करत होते. सांगलीत एका गरोदर विवाहितेने आत्महत्या केली होती आणि ख्रिस्ती धर्म पाळावा म्हणून सासरी तिचा छळ झाला, असा आरोप होता. त्यावरून वातावरण तापलं होतं. छळ झाला असेल तर छळणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे, यात दुमत नाही. पण जाहीर झालेलं बक्षीस त्या घरापुरतं नव्हतं. ते सरसकट सगळ्या पाद्र्यांवर लावलेलं होतं. पुढच्या महिन्यात ख्रिस्ती लोक मुंबईच्या आझाद मैदानावर निषेधाला जमले. तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवर कुणी टाकला नाही.

त्या पहिल्या व्हिडिओखाली एका काकांनी लिहिलं, "गरिबांना तांदूळ देऊन बाटवतात." त्यावर तेरा अंगठे आले. त्यातला एक माझ्या मावसभावाचा.

हा मावसभाऊ माझ्यासारखाच सॉफ्टवेअरमध्ये, हिंजवडीत. पाच वर्षांत तो इगतपुरीला विपश्यना करून आला, मग कोइमतूरच्या ईशा केंद्रात गेला, आता इस्कॉनमध्ये रमलाय. कांदा-लसूण बंद, गळ्यात तुळशीची माळ. मावशी कौतुकाने सांगते, "तो शोध घेतोय गं. पहिल्यापासून विचारी." त्याला कुणी प्रसादाच्या खिचडीवर फितवलं, असं आमच्या घरात कुणाच्या मनातही येत नाही.

आता दुसरी गोष्ट. आमच्या मिरजेच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी काही वर्षांपासून रविवारी प्रार्थनेला जातात. कुठल्या जुन्या दगडी चर्चमध्ये नाही. पत्र्याच्या शेडमध्ये, तीसचाळीस माणसं जमतात तिथे. आईच्या एका मैत्रिणीने त्यांना विचारलंच, "काय देतात गं तिथं?" मावशी म्हणाल्या, "काय देत्यात? मालकांची दारू सुटली. आनि मला ताई म्हनत्यात, मागं न्हाई बसवत." त्या गेल्यावर मैत्रीण म्हणाली, "बघ, कसं डोकं फिरवलंय."

माझं भांडण या हिशेबाशी आहे. पगारदार माणूस श्रद्धा बदलतो तेव्हा तो शोध. भांडी घासणारी बाई बदलते तेव्हा ते आमिष. एकाला मेंदू आहे आणि दुसरीला फक्त पोट आहे, हे आपण न बोलता ठरवून टाकलंय. आणि वर याला आपण गरिबांची काळजी म्हणतो!

ही सवय आजची नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या कविता आपण शाळेत शिकलो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. तो वाचून, विचार करून त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या काळी गहजब झाला, लक्ष्मीबाईंची फरफट झाली. पण आज मराठी माणूस टिळकांच्या धर्मांतराला वैचारिक प्रवास म्हणतो. त्याच काळात त्याच नगर जिल्ह्यात महार-मांग कुटुंबं ख्रिस्ती झाली. त्यांचा वैचारिक प्रवास कुणी लिहिला नाही. त्यांच्या वाट्याला तांदूळच आला.

टिळकांच्या गोष्टीचा शेवटचा भाग तर साताऱ्याचाच आहे, आणि सातारकरांनाही तो फारसा माहीत नसतो. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यात येऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा होती, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही. दोनच वर्षांनी, 1919 मध्ये, ते वारले. पण शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात एक माणूस म्हणत होता की तुमची श्रद्धा आधी बघू, रजिस्टर नंतर. आज आपण आधी रजिस्टर मागतो.

आता आमिषाचा हिशेब कागदावर मांडू. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजूनही बाहेर आहेत. म्हणजे एखादा दलित उघडपणे ख्रिस्ती झाला की त्याचा अनुसूचित जातीचा दाखला गेला. त्या दाखल्यावरची शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव जागेवरून निवडणूक लढवण्याचा हक्क, ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण, सगळं गेलं. एका बाजूला हे सगळं आणि दुसऱ्या बाजूला तांदळाची पिशवी. गरिबाला हिशेब कळत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बचत गटाच्या बैठकीत बसून यावं. धर्म न बदलण्यासाठी आमिष आहे, आणि ते सरकारी आहे.

"मग मिशनरी दवाखाने कशाला काढत होते?" हा प्रश्न येतोच. तर मिरजेचंच बघू. कॅनडात जन्मलेल्या डॉक्टर विल्यम वानलेस यांनी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. धर्मप्रसार हा मिशनचा हेतू होता आणि त्यांनी तो लपवला नव्हता. पुढे मिरज हे दवाखान्यांचं गाव झालं, दूरदूरचे पेशंट रेल्वेने तिथे येऊ लागले. उपचार हे आमिष असतं आणि ते चालत असतं, तर सव्वाशे वर्षांत सगळी मिरज ख्रिस्ती व्हायला हवी होती. झाली का? मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतं, अंबाबाईच्या देवळात नवरात्रात गाणं होतं, आणि दोन्हीकडे तंबोरा मिरजेचाच असतो. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्काही नव्हते. कागदावर न आलेले धरून हवं तर आकडा दुप्पट करा. लोकांनी औषध घेतलं, पाय धरले, आणि आपापल्या देवाकडे परत गेले. ज्यांना राहावंसं वाटलं ते राहिले. माणसं अशीच असतात.

शिवाय 'चर्च' हा एकच एक कारखाना नाही. साताऱ्याकडे जुनी चर्चेस अमेरिकन मराठी मिशनची, सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियनांची. 1970 मध्ये अशी अनेक मंडळं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. रोमन कॅथलिक वेगळे. पत्र्याच्या शेडमधल्या प्रार्थनासभा आणखी वेगळ्या. आणि लोक यातून निवडतात. आमच्या मावशींनीच मध्ये एक प्रार्थना सोडली. तिथले पास्टर दर महिन्याला दशमांशाचा तगादा लावायचे. "देवाला माझा पगार कशाला पायजे?" म्हणाल्या आणि दुसरीकडे जायला लागल्या. माझ्या मावसभावाने एका शिबिराची पंधरा हजार फी भरली तेव्हा असा प्रश्न विचारला नव्हता. मग सांगा, डोकं कुणाचं फिरलंय?

चर्चमध्ये सगळं गोड आहे असं माझं म्हणणं नाही. जात तिथेही पोचलीय. लग्न जुळवताना ती बरोबर बाहेर येते. "इन्सुलिन सोडा, फक्त प्रार्थना करा" असं सांगणारा पास्टर मला धोकादायकच वाटतो. पण तेच सांगणारा बाबा आणि तेच सांगणारा मौलवीही तितकाच धोकादायक आहे. चमत्काराच्या नावाखाली फसवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो यावा म्हणून साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले, आणि त्यांचा खून झाल्यावर तो आला. त्या कायद्यात गुन्हेगाराच्या धर्माचा रकाना नाही. छळासाठी कायदा आहे, धमकीसाठी आहे, फसवणुकीसाठी आहे. हे कायदे वापरा. माणसाने कुठल्या देवासमोर बसावं, याची चौकशी त्यात कुठेच येत नाही.

सातारा-सांगलीच्या माणसाला तर ही चौकशी अजिबात शोभत नाही. 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. या दिवशी आपण विद्यार्थी दिन साजरा करतो. त्या मुलाने मोठं होऊन 1935 मध्ये येवल्यात सांगितलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. मग एकवीस वर्षं एकेक धर्म तपासला आणि 1956 मध्ये नागपुरात निवड केली. लाखो गरीब माणसं त्यांच्यामागून गेली. त्यांनाही तेव्हा 'कळत नाही' म्हणणारे होतेच. धर्म हा वाचून, तोलून, नाकारून निवडायचा असतो, हे या मातीतल्या शाळेत शिकलेल्या माणसाने दाखवलं. त्यांच्या फोटोला हार घालायचा आणि पत्र्याच्या शेडकडे बघून दात-ओठ खायचे, हे एकाच तोंडाला जमतं कसं?

त्या दिवशी मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. काकांशी वाद नको म्हणून गप्प बसलो. त्याची लाज वाटते, म्हणून इथे लिहितोय. पुढच्या वेळी तसा मेसेज आला की मी एकच प्रश्न टाकणार आहे: "तांदळासाठी गेलेल्या एका माणसाशी तुम्ही स्वतः बोललात का?" तुमच्याही ग्रुपवर तो मेसेज येईल. तुम्हीही विचारा. आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींना विचारायचंच असेल तर "काय देतात?" असं नका विचारू. "काय सापडलं?" असं विचारा, जसं मावसभावाला विचारता.