स्वदेशी कार्ड आणि महाग साखर

अमेरिकेत 14 फेब्रुवारीचा व्हॅलेंटाइन दिवस हा केवळ प्रेमिकांचा सण नव्हे. शाळेत मुले वर्गातील सोबत्यांना आणि कचेरीत कारकून शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यांना छोटी कार्डे व गोळ्या देतात. या किरकोळ खरेदीतही माल स्वदेशी असावा, असा आग्रह तेथे अधूनमधून धरला जातो. 1905 साली पुण्यात विदेशी कापडाची होळी करणाऱ्या महाराष्ट्राला त्याचे नवल वाटू नये. प्रश्न एवढाच की, स्वदेशी म्हणजे किती स्वदेशी?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर गावी एस्थर हाउलँड या बाईंनी कार्डांचा धंदा तेथे रुजविला. एकीने कापावे, दुसरीने चिकटवावे, अशी श्रमविभागणी त्यांनी केली. पण जाळीदार कागद मात्र इंग्लंडहून येई! चॉकलेटचीही तीच कथा. कोको पिकतो तो मुख्यतः आयव्हरी कोस्ट आणि घाना येथे. ‘सर्व किंवा जवळजवळ सर्व’ माल देशातला असल्याखेरीज ‘मेड इन यूएसए’ असा बिनशर्त शिक्का मारता येत नाही, असा नियमच 2021 मध्ये झाला आहे.

खरे दुखणे साखरेचे आहे. ऊस व बीट पिकविणाऱ्यांच्या संरक्षणासाठी अमेरिकी सरकार साखरेच्या आयातीवर कोटा ठेवते. त्यामुळे तेथील साखर जागतिक भावाहून महाग पडते. (साखरेचे राजकारण म्हणजे काय, हे आपल्याकडे समजावून सांगावयास नको.) तयार गोळ्यांच्या आयातीवर मात्र असा अटकाव नाही. परिणाम उघड आहे. ब्रॅक्सने 2003 च्या सुमारास शिकागोचा कारखाना बंद करून उत्पादन मेक्सिकोत नेले. तेथे मजुरी स्वस्त होतीच, पण साखरही स्वस्त होती. लाइफ सेव्हर्स तर मिशिगनमधून कॅनडात गेले, आणि कॅनडातील मजुरी काही कवडीमोल नव्हे. साखर उत्पादनातील एक नोकरी वाचविताना मिठाई उद्योगातील जवळजवळ तीन नोकऱ्या जातात, असा हिशेब अमेरिकेच्याच वाणिज्य खात्याने 2006 मध्ये मांडला होता.

तेव्हा वेष्टनावरील गाव वाचून गोळ्या घेणाऱ्या कारकुनाचा हेतू स्तुत्य आहे, आणि त्याने तसे जरूर करावे. त्याच्या चार डॉलरांनी ओहायोतील एखादे यंत्र फिरत राहील. परंतु साखरेचा कोटा दुकानात ठरत नाही. शेती कायदा काँग्रेसपुढे येतो तेव्हा बागायतदारांचे प्रतिनिधी तेथे हजर असतात; मिठाई कामगाराच्या वतीने बोलणारा आवाज क्षीण असतो. त्या वेळी या ग्राहकाने आपल्या प्रतिनिधीस एक साधे पत्र धाडले, तर ते अधिक कामाचे ठरेल.