वाडीवरच्या शाळेचा कैवार कोण घेणार?
खाजगी शाळांतील शिक्षकांना १९७७ च्या सेवाशर्ती अधिनियमाने संरक्षण दिले. विधान परिषदेत शिक्षकांसाठी ७ जागा आहेत. अकोले तालुका नाशिक शिक्षक मतदारसंघात येतो. परंतु राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदानुसार मताधिकार माध्यमिक व त्यावरील शिक्षकांनाच. अकोल्याच्या डोंगरवाड्यांत आदिवासी मुलांना अक्षरे शिकविणारा प्राथमिक शिक्षक त्याबाहेरच राहतो. २०२३ मध्ये शासनाने कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागविले. असा घाव प्रथम वाडीवरच पडतो. निवृत्तिवेतनाची मागणी न्याय्यच आहे. पण शिक्षक संघटनांनी तेवढ्यावर थांबू नये. वाडीवरची शाळा टिकविणारी तरतूद कायद्यात यावी, यासाठी त्यांनी विधिमंडळात तितक्याच निर्धाराने झगडावे. शाळाच उठली, तर शिक्षकाची नोकरी तरी कशावर उभी राहणार?