घर दाखविण्यापूर्वी

रत्नागिरीतील जुने घर विकावयास काढले की किमतीआधी माळ्याची अडचण उभी राहते. तीन पिढ्यांच्या वह्या, पितळेची पातेली, दुकानातून आलेली गोणपाटे, मोडका तराजू! पाहावयास आलेल्यास जांभ्याच्या भिंती दिसतच नाहीत, दिसतात ती गाठोडी.

पसारा काढावा, रद्दीवाल्यास बोलावण्याची मात्र घाई नसावी. जुनी खरेदीखते, मिळकत पत्रिका, घरपट्टीच्या पावत्या बहुधा त्या वह्यांतच दडलेल्या असतात, आणि खरेदीदाराचा वकील सामान्यतः मागील ३० वर्षांच्या नोंदी तपासतो.

कपाटे सरकवली की त्यांमागची ओल उघडी पडते. तिच्यावर रंग फासण्याचा मोह अनेकांस होतो. परंतु विक्रेत्यास ठाऊक असलेला आणि खरेदीदारास साधारण काळजी घेऊनही न उमगणारा महत्त्वाचा दोष सांगणे, हे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याचे कर्तव्य आहे. पेढीवर माप चोख ठेवणाऱ्या घरास हे कायद्याने सांगावे लागू नये.

माळा पावसाळ्यापूर्वीच, मऊ कुंचल्याने, जयणेने झाडावा. आषाढ लागला की कागदांना बुरशी धरते, कसर लागते, आणि मग जीव न दुखावता एक वहीही उघडता येत नाही.