उजनीच्या होड्यांना रेडिओ हवा; पण ऐकणार कोण?

प्रतिनिधी, सोलापूर

उजनी जलाशयातील होडी दुर्घटनेची जखम करमाळा आणि इंदापूर तालुक्यांत अद्याप ओली आहे. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. दोन लहान मुलांसह सहा जण बुडाले; एकच प्रवासी पोहत काठ गाठू शकला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने शोध घेतल्यानंतर २३ मे रोजी मृतदेह हाती लागले. या घटनेनंतर लाइफ जॅकेट, होड्यांची नोंदणी आणि पुलाची मागणी यांवर चर्चा झाली. ती आवश्यकच होती. मात्र होडी आणि काठ यांच्यातील संपर्काचा मुद्दा मागे पडला.

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. या पाण्याने समोरासमोरची गावे एकमेकांपासून तोडली. रस्त्याने मोठा वळसा पडत असल्याने बाजार, दवाखाना आणि नातेसंबंध यांसाठी होडी हाच जवळचा मार्ग ठरला. समुद्राचा अनुभव नसलेल्या जिल्ह्याच्या वाट्याला अशा रीतीने समुद्रासारखे पाणी आले. समुद्रावरची शिस्त मात्र आली नाही.

नावाड्याच्या खिशात मोबाईल असतो, मग वेगळा रेडिओ कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु मोबाईलवरून एका वेळी एकाच व्यक्तीला हाक मारता येते. तो उचलला गेला नाही तर हाक वाया जाते. भिजला तर बहुधा बंद पडतो आणि पाण्याच्या मध्यभागी टॉवरची खात्री नसते. रेडिओवर बटण दाबून बोललेले शब्द त्या वाहिनीवरील सर्वांना एकाच वेळी ऐकू जातात. जवळची दुसरी होडी मदतीला धावू शकते, हा त्याचा सर्वांत मोठा लाभ होय.

छोट्या शिडाच्या नौकेसाठी जगभर ‘मरीन व्हीएचएफ’ संच वापरला जातो. त्याचे दोन प्रकार आहेत. हातात धरायचा संच साधारणतः ५ ते ६ वॅट क्षमतेचा, तर नौकेत पक्का बसवायचा संच २५ वॅटचा असतो. तथापि पल्ला वॅटपेक्षा अँटेनाच्या उंचीवर अधिक अवलंबून असतो, कारण या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. दोन्ही संच पाण्यापासून दीड मीटर उंचीवर असतील तर गणिताने पल्ला सुमारे १० किलोमीटर येतो. काठावरील अँटेना १० मीटर उंच खांबावर नेल्यास तो १८ किलोमीटरपर्यंत जातो. प्रत्यक्षात टेकड्या आणि वळणांमुळे तो कमी भरतो. शिडाच्या नौकेला डोलकाठीच्या टोकावर अँटेना बसवता येते. उघड्या होडीला ती सोय नसल्याने काठावरचा खांबच तिची डोलकाठी ठरतो.

दुसरी कसोटी पाण्याची. ‘आयपीएक्स ७’ दर्जाचा संच एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. पाण्यावर तरंगणारा संच त्याहून उपयोगी, कारण होडी उलटल्यावर हातातील वस्तू प्रथम सुटते. पक्क्या संचातील ‘डीएससी’ सुविधा उपग्रहाद्वारे मिळालेल्या स्थानासह धोक्याचा संदेश ७० क्रमांकाच्या वाहिनीवर आपोआप पाठवते. बोलून मदत मागण्यासाठी १६ क्रमांकाची वाहिनी, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेली आहे.

परंतु खरी गोम इथेच आहे. अरबी समुद्रात १६ क्रमांकावर हाक दिली तर आसपासची जहाजे आणि तटरक्षक दल ती ऐकण्याची शक्यता असते. उजनीत याच वाहिनीवर कान देऊन कोणीही बसलेले नाही. सर्वांत महागडा संच घेतला तरी ती हाक पाण्यावरच विरणार.

अंतर वाढले की साधन बदलते, हे दर्यावर्दींना ठाऊक आहे. नौदल अधिकारी अभिलाष टॉमी २१ सप्टेंबर २०१८ रोजी हिंदी महासागरात वादळात जायबंदी झाले, तेव्हा व्हीएचएफच्या पल्ल्यात किनारा नव्हता. उपग्रहामार्फत गेलेल्या संदेशामुळे त्यांचा ठावठिकाणा कळला आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच नौकेने त्यांना वाचविले. तेथेही संदेश घेणारी यंत्रणा जागी होती, म्हणूनच यंत्र उपयोगी पडले.

ऑनलाइन बाजारातून स्वस्त वॉकीटॉकी मागविण्याचा मोह या ठिकाणी घातक ठरू शकतो. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्पक्षमतेच्या संचांना परवान्यातून सूट आहे. मात्र त्यांचा पल्ला मर्यादित असतो. त्यापेक्षा ताकदीचे संच वापरायचे तर दूरसंचार विभागाची परवानगी लागते. प्रत्येक नावाड्याने ती स्वतंत्रपणे मिळवावी, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने पुढाकार घेऊन सर्व होड्यांसाठी एकच वाहिनी, प्रमुख धक्क्यांवर उंच अँटेना आणि फेऱ्यांच्या वेळेत ऐकणारा माणूस नेमणे हाच मार्ग आहे. जलाशय दोन जिल्ह्यांच्या सीमेवर असल्याने सोलापूर आणि पुणे यांनी ही व्यवस्था मिळूनच उभारावी लागेल. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ मध्येही जीवरक्षक साधनांबरोबर संपर्क साधनांचा विचार झालेला आहे.

रेडिओ असता तर कुगावचे सहा जीव वाचले असते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. होडी उलटल्यावर पहिली काही मिनिटे लाइफ जॅकेटच तारते. रेडिओचा मोठा उपयोग त्याआधीचा आहे. मे महिन्यात वळवाचे ढग पाहता पाहता चढतात. हवामान विभागाचा तातडीचा इशारा धक्क्यावरील माणसाने वाहिनीवर सांगितला, तर काठावरची होडी सुटणार नाही आणि पाण्यातली जवळच्या काठाला लागेल. रेडिओ हाक मारण्यासाठी जितका, तितकाच ऐकण्यासाठी असतो. पुढचा वळीव येण्यापूर्वी संचांची खरेदी जरूर व्हावी. तथापि, काठावर ऐकायला कोण बसणार, हे प्रशासनाने त्याआधी ठरवायला हवे.