पहिल्या आठवड्यात जिवाला जपा



जयंती आणि लग्नसराई आटोपली की गावी गेलेली माणसे कामावर परततात. सोबत बारावी झालेला एखादा भाचा, पुतण्याही येतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला मागाच्या शेडमध्ये नाहीतर डाईंगच्या वाफेत उभा राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला घेरी येते, ओकारी होते. मुकादम म्हणतो, "कामचुकार आहे." घरचे म्हणतात, "होईल सवय."

सवय होते हे खरे, पण ती एका दिवसात होत नाही. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होते. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता गळतो आणि उष्णता अंगातच राहते. रोज थोडे थोडे काम वाढवत नेले तर एक-दोन आठवड्यांत शरीर तयार होते. घाम लवकर आणि भरपूर सुटतो, त्यातून मीठ कमी जाते, छातीची धडधड उतरते. आठवडाभर रजा झाली की ही सवय सुटू लागते आणि महिन्याभरात जवळजवळ जाते. म्हणजे दहा वर्षांचा मुरलेला कामगारही गावाहून आल्यावर नवाच असतो! कामावर उष्माघाताने होणारे पुष्कळसे मृत्यू पहिल्या काही दिवसांतच होतात, ते यामुळेच.

अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेचा सल्ला असा आहे : नव्या माणसाने पहिल्या दिवशी उष्णतेत एक पंचमांशच काम करावे आणि रोज तेवढेच वाढवावे. रजेवरून आलेल्याने पहिल्या दिवशी निम्मे, मग ६० टक्के, मग ८० टक्के आणि चौथ्या दिवशी पूर्ण काम करावे.

मीटरवर मजुरी घेणाऱ्याला हे कसे परवडावे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. म्हणून हे एकट्याचे काम नव्हे. जुन्या कामगारांनी मिळून मालकाशी बोलावे. नव्याला दाराजवळचे, कमी माग द्यावेत. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याला पेलाभर पाणी प्यायला लावावे. गार पाणी मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. मोठ्या कारखान्यांना उन्हाळ्यात गार पाणी देण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्यानेच घातले होते.

घेरी, पेटके, मळमळ दिसली की काम थांबवून सावलीत न्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर घाम येत असला तरी तो उष्माघातच समजावा. अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

मायबहिणींनो, पोरगा घरी येऊन "डोकं गरगरतं" म्हणाला, तर त्याला आळशी म्हणू नका. आठवडाभराची मजुरी पुन्हा मिळवता येते. गेलेला मुलगा परत येत नाही.